कस, छाप आणि घडणावळ : नाशिकच्या सोनारकामाची शब्दसाक्ष

हाताने घडविलेल्या दागिन्यांच्या व्यवहाराचा इतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकास साधनांची उणीव प्रारंभीच जाणवते. राजाने दिलेले दान शिळेवर कोरले जाते, सरदाराच्या घरातील जडजवाहिराची मोजदाद दप्तरात राहते. परंतु सोनार आणि त्याचे गिऱ्हाईक यांच्यामधील ठराव बहुधा तोंडीच असतो. खुद्द दागिनाही फार काळ साक्षीला उभा राहत नाही. आजीच्या पाटल्या नातीच्या लग्नात मोडीत निघतात, मुशीत आटतात आणि नव्या घाटाने पुन्हा अंगावर चढतात. मातीचे भांडे फुटले तरी त्याची खापरी उत्खननात सापडते. सोन्याचे मात्र मोलामुळेच पूर्वरूप नाहीसे होते. अशा वेळी या धंद्याने मराठी भाषेत जे शब्द मागे ठेवले आहेत, त्यांस इतिहासाचे साधन मानणे क्रमप्राप्त ठरते. नाशिक व त्याचा परिसर यांच्या आधाराने अशा काही शब्दांची तपासणी करणे आणि दागिना घडविणारा व विकणारा यांच्या परस्परसंबंधावर त्यांतून कोणता प्रकाश पडतो ते पाहणे, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू होय.

१. कारखान्याचे शब्द आणि दुकानाचे शब्द

सोनाराच्या कामाच्या जागेतील शब्द एकत्र मांडले असता त्यांतील बहुसंख्य संस्कृत-प्राकृत परंपरेतून आलेले दिसतात. सोनार हा सुवर्णकार. मूस ही मूषा. ऐरण ही अधिकरणी. सांडस हा संदंश. कातर ही कर्तरी. कस हा कष. कान्हेरीच्या लेण्यांतील प्राकृत लेखांत कल्याणच्या सुवर्णकाराचे आणि सोपाऱ्याच्या मणिकाराचे दान नोंदलेले आहे. म्हणजे इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत या दोन व्यवसायांस स्वतंत्र नावे होती आणि दान देण्याइतकी सुस्थितीही होती. संत नरहरी सोनार यांच्या नावावरील प्रसिद्ध अभंगात बागेसरी, मूस, फुंकणी, कातर, ताजवा ही हत्यारे परमार्थाच्या रूपकासाठी वापरलेली आहेत. त्यांतील एकही शब्द ऐकणाऱ्यास समजावून सांगावा लागत नव्हता, हे येथे महत्त्वाचे. बागेसरी म्हणजे सोनाराची शेगडी. ती गावोगाव लोकांच्या डोळ्यांसमोर पेटलेली होती.

दुकानाच्या दर्शनी भागाकडे आल्यावर शब्दांचे कूळ पालटते. सराफ हा मूळचा अरबी शब्द. त्याचा प्रथमचा अर्थ नाणी बदलून देणारा. पोतदार फारसी; त्याचे काम खजिन्यात येणाऱ्या नाण्यांची पारख. मुलामा, जिल्हई, तेजाब, बयाणा, हिशेब हे सर्व फारसी-अरबी मार्गाने आलेले शब्द आहेत. हा नियम निरपवाद नव्हे. बट्टा, पेढी, पारख हे देशी परंपरेतील शब्द दुकानातच वावरतात. तथापि एकंदर विभागणी स्पष्ट आहे. घडविण्याची भाषा जुनी राहिली आणि विकण्याची भाषा राज्यकर्त्यांच्या नाणेव्यवस्थेबरोबर बदलत गेली. सोन्याचा व्यापार नाण्याच्या व्यापाराला लागून वाढला, आणि नाणी पारखणारा सराफ कालांतराने दागिने विकणारा सराफ झाला, ही घटना या एका शब्दाच्या अर्थांतरात नोंदली गेली आहे.

नाशिकच्या जुन्या गावात गोदावरीच्या काठालगत सरकारवाड्याच्या परिसरात सराफ बाजार वसलेला आहे. नदीला मोठा पूर आला की पाणी या बाजारात शिरते. २००८, २०१६ आणि २०१९ साली ते शिरले होते. धोका असूनही बाजाराने घाटाची सोबत सोडलेली नाही, याचे कारण उघड आहे. तीर्थयात्रेला आलेल्या माणसाची वाट घाटावरून जाते. देवाचे टाक, निरांजन, ताम्हन, पूजेची चांदीची उपकरणी, लग्नाचे डाग यांची खरेदी यात्रेला जोडूनच होत आली.

२. कस : परीक्षेवरचा विश्वास

सोने विकत घेणाऱ्याची मूळची अडचण अशी की, घेतलेल्या वस्तूचे अंतरंग त्याला दिसत नाही. वस्त्राचे सूत बोटांना कळते, भांड्याचा नाद कानाला कळतो. सोन्यातील तांबे मात्र डोळ्यांस सहज कळत नाही. ही अडचण फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सौवर्णिकाच्या व्यवहारावर स्वतंत्र प्रकरण असून तराजूतील लबाडी, हलक्या धातूची भेसळ, पोकळ भागात दुसरी वस्तू भरणे इत्यादी अपहाराचे प्रकार तेथे नावानिशी सांगितले आहेत. ज्या समाजात चोरीच्या प्रकारांना पारिभाषिक नावे असतात, तेथे परीक्षेच्या प्रकारांनाही ती असणारच.

काळ्या दगडावर सोन्याची रेघ ओढून ज्ञात शुद्धतेच्या रेघेशी ती ताडून पाहणे, ही कसोटी. या एका क्रियेपासून मराठीने केवढा शब्दसंसार उभा केला आहे! कस लागणे, कसास उतरणे, कसोटीचा प्रसंग, बावनकशी आणि हिणकस. हिणकस हा शब्द आज कोणत्याही हलक्या वस्तूस, लेखनासही, लावला जातो. मुळात तो ‘हीन कसाचा’ एवढाच धातुविषयक निर्णय आहे. नाण्यांच्या अदलाबदलीत हलक्या नाण्यामागे कापून घेतली जाणारी रक्कम म्हणजे बट्टा; आणि माणसाच्या कीर्तीत आलेली उणीव म्हणजे नावाला लागलेला बट्टा. पारखणे, चोख, मुलामा, जडणघडण हे शब्दही याच वाटेने शीलाच्या चर्चेत शिरले. एखाद्या धंद्याची परिभाषा नीतिविचाराची भाषा होते, तेव्हा त्या धंद्यातील व्यवहार समाजाच्या नित्य अनुभवाचा भाग झालेला असतो.

त्याच अनुभवाची दुसरी बाजू म्हणींत आहे. ‘सोनार, शिंपी, कुळकर्णी अप्पा, यांची संगत नको रे बाप्पा’ ही म्हण एखाद्या जातीच्या स्वभावाची नोंद म्हणून वाचणे चुकीचे होईल. तिन्ही व्यवसायांत एक समान धागा आहे : गिऱ्हाइकाचा माल किंवा हिशेब त्याच्या नजरेआड दुसऱ्याच्या हाती राहतो. सोनाराकडे सोने, शिंप्याकडे कापड आणि कुळकर्ण्याकडे दप्तर. म्हणीचा रोख माणसावर दिसतो, परंतु तिचे मूळ व्यवहाराच्या घडणीत आहे. ‘सोनाराने कान टोचले’ ही दुसरी म्हण तर नेमके उलट सांगते. जे काम नाजूक आहे ते जाणत्याच्याच हातून व्हावे, हा तिचा आशय. अविश्वास आणि अवलंबन ही दोन्ही एकाच नात्यात नांदत होती.

३. घट : अग्नीत काय हरवते

याज्ञवल्क्यस्मृतीत धातू आटविताना होणाऱ्या घटीचे प्रमाण दिलेले आहे. सोने अग्नीत घटत नाही. शंभर पलांमागे रुपे २ पले, कथील व शिसे ८, तांबे ५ आणि लोखंड १० पले घटते, असे तेथे म्हटले आहे. हा नियम धर्मशास्त्रात येण्याचे कारण व्यावहारिक आहे. मान्य घटीपेक्षा अधिक तूट आली तर कारागिरास जबाबदार धरता यावे, आणि मान्य मर्यादेतील तुटीसाठी त्याला दंड होऊ नये, असा दुहेरी बंदोबस्त त्यात दिसतो.

प्रत्यक्षात घडणीच्या कामात सोनेही उणे होते. कानस फिरते तेव्हा कण उडतात, कातरीखाली चुरा पडतो, मुशीच्या कडेला थोडे चिकटून राहते, जिल्हई देताना सूक्ष्म थर जातो. हे उणे झालेले सोने नाहीसे मात्र होत नाही. सोनाराच्या दुकानाचा केर आणि बागेसरीची राख विकत घेऊन, ती धुऊन त्यातील कण वेगळे काढणारा झारेकरी हा स्वतंत्र व्यावसायिक या धंद्याच्या कडेला जगत आला. ज्या व्यवसायात केरालाही भाव येतो, तेथे घट हा शब्द किती नाजूक असेल हे सांगावयास नको. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने ती तूट; कारागिराच्या दृष्टीने तो कामाचा अटळ खर्च; आणि झारेकऱ्याच्या दृष्टीने ते उत्पन्न.

वजनांच्या परिभाषेतही हीच सूक्ष्मता आहे. ८ गुंजांचा मासा आणि १२ माशांचा तोळा, म्हणजे तोळ्याच्या ९६ गुंजा. गुंज ही वेलीची बी. ब्रिटिश अमदानीत ठरविलेला १८० ग्रेनांचा तोळा सुमारे ११.६६ ग्रॅम भरतो. त्या हिशेबाने गुंजेचे वजन १२० मिलिग्रॅमच्या आसपास येते. १९५६ च्या वजनमापांच्या कायद्यानंतर दशमान पद्धती रुजली आणि सोन्याचा भाव १० ग्रॅमला सांगण्याची रीत पडली. तरी घरगुती बोलण्यात ‘तोळा’ टिकून आहे. एकाच शब्दाने जुना ११.६६ ग्रॅमांचा आणि नवा १० ग्रॅमांचा तोळा सांगितला जाऊ लागल्याने व्यवहारात घोटाळ्यास जागा राहते. म्हणून पावतीवर ग्रॅमच लिहिलेले असावेत, हे ओघाने येते.

४. छाप : सत्तेवरचा विश्वास

परीक्षेला पर्याय म्हणजे छाप. नाणे हातात घेणारा प्रत्येक जण त्याचा कस लावीत बसत नाही. राजाची छाप पाहून तो ते स्वीकारतो. नाशिकजवळच्या जोगलथेंबी येथे १९०६ साली सापडलेला निधी या दृष्टीने बोलका आहे. क्षत्रप नहपानाच्या सुमारे १३,२५० चांदीच्या नाण्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली छाप पुन्हा मारलेली होती. चांदी तीच राहिली, हमी देणारा बदलला. नाशिकच्या पांडवलेण्यांतील उषवदाताच्या लेखात ७०,००० कार्षापणांचे दान ३५ कार्षापणांस १ सुवर्ण या दराने २,००० सुवर्णांइतके असल्याचे नोंदले आहे. त्याच लेखात ३,००० कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेवून, २,००० वर दरमहा शेकडा १ आणि १,००० वर शेकडा पाऊण असे व्याज ठरविले आहे. दर, मुद्दल आणि जबाबदार संस्था या तिन्हींचा उघड उच्चार करण्याची शिस्त या परिसरात जवळजवळ १,९०० वर्षांपूर्वी होती, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

मराठा काळात कस आणि छाप ही दोन्ही कामे पुष्कळदा एकाच व्यवसायाकडे आली. खासगी टांकसाळींचे परवाने सोनारांना दिले जात, हे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी मराठी राज्यातील नाण्यांवरील आपल्या निबंधात दाखविले आहे. नाशिक येथे आणि होळकरांच्या ताब्यातील चांदवड येथे टांकसाळी होत्या; चांदवडी रुपया हे नाव त्यातूनच रूढ झाले. गावगाड्यात नाणी पारखण्याची पोतदारीही बहुधा सोनाराकडेच असे. म्हणजे दागिने घडविणारा हा गावचा धातुपरीक्षक होता आणि प्रसंगी नाणे पाडणाराही होता. ब्रिटिश अमदानीत नाणे एकसारखे झाले, स्थानिक टांकसाळी बंद पडल्या, आणि पारखीचे हे सार्वजनिक काम त्याच्याकडून गेले. उरली ती केवळ घडण.

अलीकडच्या काळात छापेने पुन्हा उचल घेतली आहे. भारतीय मानक ब्युरोने २००० साली सोन्याच्या दागिन्यांसाठी हॉलमार्कची योजना सुरू केली; जून २०२१ पासून ती टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली; आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकी ओळखक्रमांकाची छाप आवश्यक ठरली. २२ कॅरटच्या दागिन्यावरील ९१६ हा आकडा हजार भागांत ९१६ भाग सोने असल्याची ग्वाही देतो. ग्राहकाच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे. परंतु छाप फक्त धातूविषयी बोलते. घडणीविषयी ती मूक असते. यंत्रात ओतलेली आणि महिनाभर हाताने घडविलेली, अशा दोन्ही बांगड्यांवर ९१६ सारखेच उमटते.

५. घडणावळ : श्रमाची नोंद

मराठीत कारागिराच्या मोबदल्यासाठी घडणावळ हा नेमका शब्द आहे. शिलाई, धुलाई, रंगाई हे उत्तरेकडील वळणाचे शब्द नंतर आले; परंतु घडणावळ, दळणावळ, लिखणावळ हा प्रत्ययाचा साचा मराठीचा स्वतःचा आहे. क्रियेचे मोल क्रियेच्याच नावाने सांगणे हा त्याचा विशेष होय. जुन्या पद्धतीत गिऱ्हाईक पुष्कळदा आपले सोने स्वतः आणून देई. सोनार ते तोलून घेई, घडवून परत तोलून देई आणि घडणावळ वेगळी घेई. या पद्धतीत धातू, घट आणि श्रम या तीन गोष्टी शब्दांनी निरनिराळ्या राखलेल्या होत्या.

सराफ आणि सोनार हे वेगळे झाले तसा हा हिशेब बदलला. गिऱ्हाईक सराफाशी बोलू लागले, सोनार आतल्या खोलीत किंवा दूरच्या गल्लीत गेला. आज महाराष्ट्रातील अनेक सराफ बाजारांत बंगाली कारागीर बैठ्या चौरंगाशी काम करताना दिसतात. दागिना घेणारी स्त्री आणि तो घडविणारा हात यांच्यामध्ये समान भाषाही उरलेली नाही. घडणावळ बहुधा सोन्याच्या किमतीच्या टक्केवारीने आकारली जाते. याचा परिणाम विपरीत होतो. सोन्याचा भाव चढला की त्याच घडणीची आकारणी वाढते, पण वाढलेला भाग कारागिराच्या हाती पडतोच असे नाही. आणि हलक्या वजनाच्या परंतु अतिशय नाजूक कामाची आकारणी, श्रम अधिक असूनही, कमी भरते. नथीचे उदाहरण घ्यावे. तीत सोने थोडे. पण तार ओढणे, मोती गुंफणे, आकडा नाकाला बोचणार नाही असा वळविणे यात कौशल्य फार. टक्केवारीचे माप नथ घडविणाऱ्यावर अन्यायच करते.

मोत्यांच्या व हिऱ्यांच्या व्यापारात रुमालाखाली बोटे धरून मुक्याने सौदा करण्याची रीत होती. सतराव्या शतकातील फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याने हिंदी व्यापाऱ्यांतील हा प्रकार वर्णिला आहे. व्यापाऱ्यांच्या सांकेतिक संख्याभाषाही ज्ञात आहेत. किंमत झाकण्याची ही साधने होती. त्याच्या उलट घडणावळ हा शब्द उघड्यावर उच्चारावयाचा होता. झाकलेल्या भावाचे नुकसान अखेर गिऱ्हाइकाला तरी सोसावे लागते किंवा कारागिराला तरी.

६. नावांची पेढी

बोरमाळ, जोंधळी पोत, जवमणी, पोहेहार, चिंचपेटी, पुतळीहार, चंद्रहार, वज्रटीक, ठुशी, तन्मणी : मराठी दागिन्यांची नावे शेतातून, देवघरातून आणि नाण्यांच्या थैलीतून आलेली आहेत. या नावांचे व्यापारी कार्य सहसा लक्षात घेतले जात नाही. चित्रांची पुस्तके नव्हती तेव्हा नाव हाच नमुना होता. ‘बोरमाळ’ म्हटले की मण्याचा आकार, पोकळ घडण, आत भरलेली लाख आणि ओवण्याची पद्धत एवढे सारे ठरून जाई. वाद फक्त मण्यांच्या संख्येचा व वजनाचा उरे. ज्या दागिन्याला नाव मिळाले, तो नमुना एका सोनाराचा न राहता साऱ्या प्रांताचा झाला.

नावे स्थिर असली तरी अलंकार सनातन असतात असे नव्हे. नथ ही आज मराठी स्त्रीच्या वेषाची खूण मानली जाते. नाशिक या नावाचा संबंधही लोकपरंपरेत शूर्पणखेच्या नासिकेशी जोडतात. तरीही प्राचीन संस्कृत वाङ्मयात नाकातील अलंकार आढळत नाही आणि तो मध्ययुगात रूढ झाला, हे परशुराम कृष्ण गोडे यांनी भांडारकर प्राच्यविद्या संस्थेच्या नियतकालिकातील आपल्या लेखात साधार मांडले. नथ या शब्दाचे नातेही बैलाच्या नाकातील दोरीच्या शब्दाशी पोचते. परंपरा म्हणून जे विकले जाते, तेही कोणे एके काळी नवे होते; नव्या घाटाला भिण्याचे कारण कारागिराला नाही, एवढा बोध यातून घेता येतो.

नकली दागिन्यांनाही भाषेने जागा दिली आहे. ‘नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा’ ही म्हण जुनी. ‘बेंटेक्स’ हे व्यापारी नाव मुलामा दिलेल्या दागिन्यांसाठी सर्रास वापरले जाऊ लागले, ते अलीकडचे. नकली म्हणून उघडपणे विकलेला माल हा अप्रामाणिकपणा नव्हे. अप्रामाणिकपणा नाव आणि वस्तू यांच्या फारकतीत आहे.

७. १९६३ चा आघात

चीनशी झालेल्या युद्धानंतर जानेवारी १९६३ मध्ये सुवर्णनियंत्रणाचे नियम जारी झाले आणि १४ कॅरटहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडविण्यास बंदी झाली. परकीय चलनाची बचत आणि चोरट्या आयातीस आळा हा अर्थमंत्री मोरारजी देसाई यांचा हेतू होता. परंतु ज्यांचे हात २२ कॅरटच्या मऊ सोन्याला सरावलेले, त्यांना २४ पैकी १० भाग अन्य धातू असलेले कठीण सोने हाताळणे हा निराळाच धंदा होता. आणि ज्या गिऱ्हाइकाला बावनकशीची भाषा ठाऊक, त्याला ते सोने हिणकस वाटले. देशभर असंख्य सोनार बेकार झाले. काहींनी आत्महत्या केल्या. नाशिकच्या बाजाराची यातून सुटका होण्याचे कारण नव्हते. १९६६ मध्ये १४ कॅरटची अट उठली, १९६८ मध्ये सुवर्णनियंत्रणाचा स्वतंत्र कायदा आला आणि १९९० मध्ये तो रद्द झाला. कारागिरीचे शिक्षण बापाकडून मुलाकडे जाते. अशा धंद्यात तीन-चार वर्षांचा खंडही पिढीचा खंड ठरू शकतो. पुष्कळ मुले नोकरीच्या वाटेला लागली ती परतली नाहीत. नियम मागे घेता येतो. हाताला गेलेले वळण मागे आणता येत नाही.

८. निष्कर्ष आणि व्यवहार

वरील शब्दांचा इतिहास केवळ कोशाच्या उपयोगाचा नाही. आज नाशिकमध्ये किंवा अन्यत्र हाताने दागिने घडवून विकू पाहणाऱ्यास त्यातून काही निश्चित दंडक मिळतात.

पहिला : कस, घट आणि घडणावळ या तीन रकमा पावतीवर निरनिराळ्या लिहाव्यात. घडणावळ कामाच्या दिवसांवर व अवघडपणावर ठरवावी, सोन्याच्या भावावर नव्हे.

दुसरा : पोकळ दागिन्यातील लाख, मोती, खडे व दोरा यांचे वजन सोन्याच्या वजनातून वगळून सांगावे. लाख भरण्यापूर्वीचे वजन गिऱ्हाइकासमोर घ्यावे. नंतर केलेला खुलासा पटत नाही.

तिसरा : चुरा आणि राख जपावी, व तिचे उत्पन्न कोणाचे हे आधी ठरवावे. घट मागून तिच्यातील सोनेही स्वतःकडे ठेवणे म्हणजे एकाच वस्तूचे दोनदा मोल घेणे होय.

चौथा : हॉलमार्कची छाप घ्यावी, परंतु तिच्यावर विसंबून राहू नये. छाप धातूची हमी देते. डाख पक्का आहे, फासा सुटणार नाही, कडी झिजल्यास दुरुस्त करून मिळेल, ही हमी घडविणाऱ्यानेच द्यावयाची असते.

पाचवा : मोडीचा दर विक्रीच्याच वेळी सांगावा. दागिना पुन्हा कधीतरी आटणार आहे हे दोघांनाही ठाऊक असते.

सहावा : वस्तूला नाव द्यावे, आणि नाव दिल्यावर ते पाळावे.

यांतील बहुतेक दंडक नवे नाहीत. मराठी भाषेने ते शब्दांच्या रूपाने सांभाळून ठेवले होते. कस हा शब्द प्रयोगशाळेकडे गेला आणि छाप शासनाकडे गेली, याची खंत करण्याचे कारण नाही. दोन्ही ठिकाणी ती अधिक सुरक्षित आहेत. घडणावळीस मात्र असा कोणी वाली मिळालेला नाही. कारागिराच्या श्रमाला स्वतंत्र नाव देणारा हा शब्द पावतीवरून नाहीसा झाला, तर हाताची घडण आणि यंत्राची ओत यांतील भेद गिऱ्हाइकास सांगण्याचे साधनच उरणार नाही. नाशिकच्या परिसरातील जुन्या सोनारांकडून हत्यारे, कृती आणि हिशेब यांची शब्दसंपत्ती वेळीच संकलित होणे म्हणूनच अगत्याचे आहे. हे काम भाषेच्या अभ्यासकाचे जितके आहे तितकेच अर्थेतिहासाच्या अभ्यासकाचेही आहे.